एक मतदारसंघ, दोन खासदार

पुढचे चार आकडे सावकाश वाचा. जानेवारी १९५२, देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक, मतदारसंघ मुंबई शहर उत्तर. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांना सुमारे १ लाख ४९ हजार मते. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांना १ लाख ३९ हजारांच्या वर. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांना सुमारे १ लाख ३८ हजार. आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना सुमारे १ लाख २३ हजार ५००.

या चौघांतले दोघे लोकसभेत गेले. पहिले आणि तिसरे. दुसऱ्या क्रमांकाची मते मिळवणारे अशोक मेहता हरले आणि त्यांच्याहून कमी मते मिळवणारे काजरोळकर जिंकले. मोजणीत चूक झालेली नव्हती, कोणी कोणाचे मत पळवले नव्हते. सगळे कायद्याबरहुकूम झाले होते.

बाबासाहेबांचा पराभव काजरोळकरांनी केला, एवढे आपण शाळेपासून ऐकतो. पण ती दोघांमधली सरळ लढत नव्हतीच. त्या मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते होती, लोकसभेच्या दोन जागा होत्या आणि सगळे उमेदवार एकाच आखाड्यात होते. हे यंत्र कसे चालत होते ते एकदा समजले, की त्या निकालाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. निदान माझी बदलली.

१९५२ साली लोकसभेच्या ४८९ जागांसाठी निवडणूक झाली, पण मतदारसंघ होते ४०१. त्यातल्या ३१४ ठिकाणी आजच्यासारखा एकच खासदार निवडायचा होता. ८६ ठिकाणी दोन. आणि उत्तर बंगाल या एकाच मतदारसंघात चक्क तीन. आज कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही, पण स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेतला तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग अशा जोडमतदारसंघांतून आला होता.

ही जोडी कशासाठी? याचे मूळ १९३२ च्या पुणे करारात आहे. आंबेडकरांनी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी केली होती, गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण केले, आणि अखेर तडजोड ठरली: दलितांसाठी जागा राखीव असतील, पण त्यांना निवडून देणारे मतदार सगळ्या जातींचे, संयुक्त असतील. आता प्रश्न असा की राखीव जागा नकाशावर दाखवायची कुठे? अनुसूचित जातींची वस्ती प्रत्येक गावात, प्रत्येक शहरात पसरलेली. एखादा अख्खा मतदारसंघ राखीव केला, तर तिथल्या बाकीच्या कोणालाही उभे राहता येत नाही. त्यावर काढलेली युक्ती म्हणजे मतदारसंघ दुप्पट मोठा करायचा, दोन जागा द्यायच्या आणि त्यांतली एक राखीव ठेवायची. उभे कोणीही राहावे, मत कोणीही कोणालाही द्यावे, फक्त निवडून आलेल्या दोघांत अनुसूचित जातीचा निदान एक असलाच पाहिजे. मूळ राज्यघटनेत एका खासदारामागे ५ लाख ते साडेसात लाख लोकसंख्या असावी असे होते. म्हणजे जोडमतदारसंघात दहा ते पंधरा लाख माणसे.

मोजणीचा नियम असा होता. अनुसूचित जातीच्या उमेदवारांमध्ये ज्याला सर्वाधिक मते, तो आधी राखीव जागेवर निवडून आला असे जाहीर करायचे. मग उरलेल्या सगळ्यांत, त्यात अनुसूचित जातीचे बाकीचे उमेदवारही आले, ज्याला सर्वाधिक मते तो दुसरी जागा घेणार. मुंबई शहर उत्तरमध्ये अनुसूचित जातीच्या उमेदवारांत काजरोळकर पुढे होते, म्हणून ते आत गेले. उरलेल्यांत गांधी पुढे होते, म्हणून ते आत गेले. मेहता मधोमध अडकले.

आता मतदान केंद्रात जाऊ, कारण खरी नवलाई तिथे आहे. १९५१ च्या जनगणनेनुसार देशात शंभरातली अठराएक माणसेच साक्षर होती. मतपत्रिकेवर नावे छापून उपयोग नव्हता. म्हणून मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगाने प्रत्येक उमेदवाराला स्वतःची वेगळी पेटी दिली. पोलादी पेटी, तिच्यावर बाहेरून आणि आतून त्या पक्षाचे चिन्ह चिकटवलेले. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, फेडरेशनचा हत्ती, कम्युनिस्टांचे कणीस आणि विळा. देशभरात अशा वीस लाखांहून अधिक पेट्या लागल्या आणि त्यांतल्या लाखो पेट्या मुंबईजवळ विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनल्या. मतपत्रिका नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेल्या, आकाराने एक रुपयाच्या नोटेएवढ्या. त्यांच्यावर कोणाचे नाव नाही, चिन्ह नाही, फक्त क्रमांक. शिक्का मारायचा नाही, फुली करायची नाही. आडोशामागे जायचे, आपल्या माणसाची पेटी शोधायची आणि चिठ्ठी तिच्या फटीतून आत सोडायची. मत कोणाचे, हे चिठ्ठीवरून कळतच नसे. ती कोणत्या पेटीत सापडली यावरून ठरे.

जोडमतदारसंघातल्या मतदाराला लोकसभेसाठी अशा दोन चिठ्ठ्या मिळत. आणि इथेच कायद्याने एक बारीक अट घातली होती: दोन मते द्या, पण एकाच उमेदवाराला दोन देऊ नका. दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेटीत पडल्या तर एक धरायची, दुसरी बाद. ज्याला फक्त एकच उमेदवार हवा आहे, त्याने दुसरी चिठ्ठी कोणाला तरी द्यावी किंवा ती वाया गेली असे समजावे.

या नियमाच्या मागे आणखी एक इतिहास आहे आणि तो मुंबईचाच आहे. १९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या तेव्हा मुंबई प्रांतात बहुसदस्यीय मतदारसंघांमध्ये नेमकी उलट पद्धत होती. मतदाराला जितकी मते, तितकी सगळी एकाच उमेदवाराच्या पदरात टाकण्याची मुभा होती. अल्पसंख्य समाजाला आपली सगळी ताकद एका माणसामागे उभी करता यावी, हा त्यामागचा विचार. त्या निवडणुकीत आंबेडकर भायखळा-परळ भागातून स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे होते. समोर काँग्रेसने उभे केले होते पालवणकर बाळू यांना. हो, तेच. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर शंभराहून अधिक बळी घेणारे डावखुरे फिरकी गोलंदाज, भारतीय क्रिकेटमधले पहिले मोठे दलित खेळाडू. एकाच मतदारसंघात आंबेडकर आणि बाळू समोरासमोर, हा योग मला फार विलक्षण वाटतो. आंबेडकर सुमारे दोन हजार मतांनी जिंकले.

पंधरा वर्षांनी, जवळपास त्याच गिरणगावात, तीच माणसे पुन्हा मतदानाला गेली, तेव्हा नियम बदललेला होता. १९३७ मध्ये जे योग्य होते, ते १९५२ मध्ये बाद ठरत होते.

१९५२ च्या मुंबईत लोकसभेच्या चार जागा होत्या. मुंबई शहर दक्षिण, तिथून स. का. पाटील निवडून आले. उपनगरांचा वेगळा मतदारसंघ, तिथून जयश्री रायजी. आणि मधला मोठा पट्टा, म्हणजे बेटाचा उत्तर भाग, हा दोन जागांचा मुंबई शहर उत्तर. परळ, लालबाग, नायगाव, दादर. गिरण्यांचे भोंगे, चाळी, बावला कंपाउंड आणि बीडीडीतली आंबेडकरी वस्ती, हिंदू कॉलनीतले बाबासाहेबांचे राजगृह, लाल बावट्याच्या युनियन. या एका मतदारसंघातून काँग्रेसची जोडी, मेहता-आंबेडकर ही समाजवादी आणि फेडरेशनची जोडी आणि कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगे असे सगळे एकदमच उतरले. डांग्यांना सुमारे ९६ हजार मते पडली. यांतल्या कोणाच्याही प्रचाराची एक सभा ऐकायला मिळाली असती तर, असे राहून राहून वाटते.

आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. म्हणजे ही निवडणूक राजीनाम्यानंतर अवघ्या काही महिन्यांतली. आणि ज्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांखाली ती होत होती, १९५० चा आणि १९५१ चा, ते दोन्ही संसदेत मांडून पुढे नेणारे कायदेमंत्री तेच होते. एका मतदाराने एकाच उमेदवाराला दोन मते देऊ नयेत ही अटही १९५१ च्याच कायद्यात होती.

जोडमतदारसंघात युतीचा अर्थ आजच्यापेक्षा फार वेगळा होता. आज युती म्हणजे जागावाटप: ही जागा तुमची, ती आमची. तिथे युती म्हणजे प्रत्येक मतदाराच्या हातातल्या दुसऱ्या चिठ्ठीचा सौदा. फेडरेशनच्या मतदाराने एक चिठ्ठी हत्तीला आणि दुसरी झाडाला द्यायची. समाजवादी मतदाराने एक झाडाला आणि दुसरी हत्तीला. नेत्यांनी जाहीर सभेत हात मिळवले तरी खरा करार आडोशामागे, एकट्या माणसाच्या हातून पाळला जायचा किंवा मोडायचा.

तो किती पाळला गेला? आकडे स्वतःच थोडे सांगतात. मेहतांना १ लाख ३९ हजारांच्या वर मते पडली, आंबेडकरांना १ लाख २३ हजारांच्या वर. आंबेडकरांच्या झाडून सगळ्या मतदारांनी मेहतांनाही मत दिले असे क्षणभर धरू. तरीही सोळा हजारांवर माणसे अशी उरतात, ज्यांनी मेहतांना मत दिले आणि आंबेडकरांना दिले नाही. ही कमीत कमी संख्या झाली. प्रत्यक्षात ती अधिकच असणार. आणि आंबेडकर हरले ते सुमारे साडेचौदा हजार मतांनी. म्हणजे मित्रपक्षाच्या मतदारांच्या हातातली दुसरी चिठ्ठी सगळीच्या सगळी हत्तीच्या पेटीत पडली असती, तर निकाल उलटला असता. ती पडली नाही ती जातीमुळे, पक्षनिष्ठेमुळे की नियम न समजल्यामुळे, हे चिठ्ठी सांगत नाही. काँग्रेसकडेही हेच दिसते: गांधींना मत देऊन काजरोळकरांना न देणारे अकरा हजारांच्या आसपास तरी होतेच. पण काँग्रेसकडे तेवढी तूट सोसण्याची ऐपत होती.

या मोजणीतला सर्वांत थरारक आकडा मात्र कोणाच्याही नावापुढे लागलेला नाही. या मतदारसंघात ७४ हजारांहून अधिक मतपत्रिका बाद झाल्या. आंबेडकरांच्या पराभवातल्या अंतराच्या पाचपट. आंबेडकर आणि मेहता या दोघांनी निवडणूक याचिका दाखल करून निकालाला आव्हान दिले. मते वाया घालवावीत, दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेटीत टाकाव्यात असा प्रचार कम्युनिस्टांनी केला, ही त्यांची मुख्य तक्रार होती. न्यायाधिकरणाने याचिका फेटाळली.

त्या ७४ हजार चिठ्ठ्यांमागे किती प्रचार होता आणि किती निव्वळ प्रेम, हा प्रश्न मला सोडवत नाही. आपल्या माणसावर जीव असलेला एक गिरणी कामगार आडोशामागे उभा आहे. हातात दोन चिठ्ठ्या. समोर पेट्यांची रांग. दुसऱ्या कोणाला मत द्यायची त्याची इच्छाच नाही. पंधरा वर्षांपूर्वी सगळी मते एकाला देणे हाच शहाणपणा होता हे त्याने किंवा त्याच्या बापाने पाहिलेले. तो दोन्ही चिठ्ठ्या एकाच फटीतून आत सोडतो आणि समाधानाने बाहेर येतो. त्याच्या निष्ठेतला अर्धा भाग मोजणीच्या टेबलावर बाद होतो, आणि त्याला ते कधी कळतही नाही.

याच पद्धतीचा दुसरा चेहराही त्याच वर्षी दिसला. सोलापूरच्या जोडमतदारसंघात शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि फेडरेशनचे पां. ना. राजभोज असे दोघेही निवडून आले. मुंबईत आंबेडकरांना जे जमले नाही, ते सोलापुरात त्यांच्या सहकाऱ्याला जमले. देशभरात फेडरेशनला लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, त्यातली एक ही.

आंबेडकर १९५२ मध्येच मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. १९५४ साली भंडाऱ्याच्या दोन जागांसाठी पोटनिवडणूक झाली तेव्हा ते पुन्हा लोकसभेसाठी उभे राहिले, आणि पुन्हा जोडीला अशोक मेहता. या वेळी मेहता सर्वसाधारण जागेवर जिंकले. आंबेडकर मात्र राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले. या निवडणुकीची एक आठवण आंबेडकरी चळवळीत आजही सांगितली जाते. कार्यकर्ते म्हणत होते की आपल्या लोकांना दुसरे मत देऊच नका असे सांगू, म्हणजे तुमचे पारडे जड होईल. मत वाया घालवायला मी सांगणार नाही, असे म्हणून बाबासाहेबांनी नकार दिला. मेहतांचा विजय त्या आठवणीशी जुळतो. दुसऱ्या चिठ्ठीचा करार फेडरेशनच्या मतदारांनी पाळलेला दिसतो.

बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ रोजी गेले. तीनएक महिन्यांत दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली, आणि या मतदारसंघाच्या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट घडली. मतदारसंघ पुनर्रचनेत 'मुंबई शहर उत्तर' हे नाव जागचे हलले आणि उत्तरेकडे सरकले. गिरणगाव मुख्यतः 'मुंबई शहर मध्य' या नव्या नावाखाली गेले, तिथे पूर्वीसारख्याच दोन जागा राहिल्या. 'उत्तर' हे नाव उपनगरांना मिळाले आणि तिथे जागा एकच.

मध्य मुंबईत १९५७ साली जे झाले ते पाहून अंगावर काटा येतो. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटलेले होते, ते चालवणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप आणि फेडरेशन एकत्र होते. त्या जोडमतदारसंघातून समितीचे दोन्ही उमेदवार निवडून आले: एक श्रीपाद अमृत डांगे, दुसरे फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्यावर मते वाया घालवल्याचा आरोप झाला त्यांच्या आणि आंबेडकरांच्या अनुयायांच्या चिठ्ठ्या आता एकमेकांच्या पेट्यांत पडत होत्या. तेच यंत्र, बरेचसे तेच मतदार. दुसऱ्या चिठ्ठीची दिशा तेवढी बदलली.

उत्तरेकडे सरकलेल्या नावाचे नशीबही साधे नव्हते. उपनगरांच्या या एकसदस्यीय मतदारसंघात १९५७ मध्ये काँग्रेसने व्ही. के. कृष्ण मेनन यांना आणले. कोझिकोडचा माणूस, मुंबईशी संबंध नाही. पण त्याच जानेवारीत त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत काश्मीरवर दोन दिवस मिळून सुमारे आठ तासांचे भाषण केले होते आणि त्यांचे नाव घरोघर पोचले होते. समोर प्रजासमाजवादी पक्षाचे पीटर अल्वारिस, गोवा मुक्तीच्या लढ्यातले नेते, जे पुढे गोव्यातून लोकसभेवर गेले. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण होत असताना मेनन इथून जिंकले. उपनगरांत तोवर दक्षिण भारतीय, गुजराती, सिंधी, गोव्याचे आणि वसईकडचे ख्रिस्ती अशी नाना प्रकारची वस्ती झाली होती. हा मतदार गिरणगावापेक्षा वेगळा होता.

मग १९६२. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला आणि दोनच महिन्यांत मतदान होते. मेनन आता संरक्षणमंत्री. त्यांच्याविरुद्ध कम्युनिस्ट सोडून बहुतेक सगळा विरोधी पक्ष एकवटला आणि त्यांनी आचार्य जे. बी. कृपलानींना उभे केले. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष असलेले, सत्तरी ओलांडलेले कृपलानी. जगभरची वृत्तपत्रे अंधेरी-घाटकोपरच्या गल्ल्यांकडे डोळे लावून बसली. नेहरूंनी स्वतःची प्रतिष्ठा पणाला लावली. दिलीपकुमार प्रचाराच्या सभांत बोलले. मेनन सुमारे १ लाख ४५ हजारांच्या फरकाने जिंकले. आठ-नऊ महिन्यांत चीनचे युद्ध झाले, नोव्हेंबरमध्ये मेनन मंत्रिमंडळाबाहेर पडले आणि संरक्षण खात्यासाठी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हरलेले कृपलानी १९६३ मध्ये अमरोह्याच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत आले, आणि त्याच ऑगस्टमध्ये स्वतंत्र भारताच्या लोकसभेतला पहिला अविश्वासाचा ठराव त्यांनी मांडला.

१९६२ मध्ये देशात कुठेच जोडमतदारसंघ उरला नव्हता. त्याला कारणीभूत ठरलेली एक लढत आंध्रात झाली होती. १९५७ मध्ये पार्वतीपुरमच्या जोडमतदारसंघातून माजी केंद्रीय मंत्री व्ही. व्ही. गिरी उभे होते. तिथे राखीव जागा अनुसूचित जमातींसाठी. निकाल लागला तेव्हा पहिल्या दोन क्रमांकांवर दोन आदिवासी उमेदवार होते, बिद्दिका सत्यनारायण आणि दिप्पला सूरी दोरा. नियमाप्रमाणे पहिल्याला राखीव जागा गेली. उरलेल्यांत सूरी दोरा पुढे, म्हणून सर्वसाधारण जागाही त्यांची. गिरी ५६५ मतांनी मागे पडले. राखीव म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाला सर्वसाधारण जागा कशी देता, असे म्हणत ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५९ मध्ये न्यायालयाने बहुमताने सूरी दोरांची निवड कायम ठेवली. निवडणूक एकच आहे, मतदारसंघ एकच आहे, आणि राखीव जागेवर दावा सांगणाऱ्याने सर्वसाधारण जागेवरचा आपला हक्क सोडलेला नसतो, असा त्या निकालाचा आशय. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो. राखीव जागा म्हणजे निदान इतके, त्याहून अधिक नको असे नव्हे, हे त्याने ठळकपणे सांगितले.

पुढे १९६१ मध्ये संसदेने द्विसदस्यीय मतदारसंघ रद्द करणारा कायदा केला. मतदारसंघ फार मोठे होतात, खर्च दुप्पट होतो, कोणता खासदार कोणाला जबाबदार हे कळत नाही, मते बाद होतात, ही कारणे खरीच होती. जोड्या मधोमध कापल्या गेल्या. एका तुकड्यावर 'राखीव' असे लिहिले, दुसऱ्यावर नाही. तेव्हापासून राखीव मतदारसंघात फक्त अनुसूचित जाती किंवा जमातीचाच माणूस उभा राहू शकतो आणि मतदार मात्र सगळे असतात, ही आजची पद्धत रूढ झाली. हिशेब सोपा झाला, यात शंका नाही. पण प्रत्येक मतदाराला दुसरी चिठ्ठी हातात घेऊन थोडा विचार करावा लागत होता, आपल्या पहिल्या पसंतीच्या पलीकडे आणखी एका माणसावर विश्वास टाकावा लागत होता, ते गेले. सोलापूर आणि मध्य मुंबईचे निकाल पाहता ती सोय अगदीच फुकट नव्हती, असे माझे मत आहे.

मुंबई शहर उत्तर हे नाव १९६७ च्या निवडणुकीत नाहीसे झाले. उपनगरांचे मतदारसंघ नव्याने आखले गेले. मेननना काँग्रेसने उमेदवारी नाकारली. ते मुंबई ईशान्यमधून अपक्ष उभे राहिले आणि पानशेतच्या पुरानंतर पुणे सावरणारे सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. निकालानंतर थोड्याच दिवसांत बर्वे वारले. पोटनिवडणुकीत मेनन पुन्हा उभे राहिले आणि बर्व्यांच्या भगिनी तारा सप्रे यांच्याकडून पुन्हा हरले. आजचा मुंबई उत्तर हा मतदारसंघ नंतरच्या आखणीतला आहे. त्याचा परळ-लालबागशी काही संबंध नाही.

१९५१-५२ पासूनच्या प्रत्येक लोकसभा निवडणुकीचे मतदारसंघवार आकडे निवडणूक आयोगाने सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. आपले गाव, आपली चाळ तेव्हा कोणत्या मतदारसंघात होती ते जरूर शोधा. तिथे दोन खासदारांची नावे सापडली, आणि घरात त्या काळी मतदान केलेले कोणी असेल, तर दुसरी चिठ्ठी कोणाच्या पेटीत टाकली होती ते विचारा आणि लिहून ठेवा. ती माहिती आयोगाच्या अहवालात नाही.